तोंडावरचा हात

एक कल्पना करून बघा, मुलांनो. डोळे मात्र मिटू नका. मिटलेत तर पुढचं वाचणार कसं?

कल्पना करा की तुम्ही सात वर्षांचे आहात आणि जेवणाच्या टेबलाखाली बसला आहात. वर ताटं मांडली जातायत, बांगड्या वाजतायत, स्वयंपाकघरात कुणीतरी पुरण घोटतंय. तुम्हाला सगळं ऐकू येतं. मिक्सर तर नुसता कानात नाही, पोटात ऐकू येतो. आत्याचा आवाज, पंख्याचा आवाज, खालच्या गल्लीतल्या स्कूटरचा आवाज, सगळे एकाच मापाने आत येतात आणि आत आल्यावर एकमेकांना ढकलतात. त्यातला कुठला आधी ऐकायचा, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही बोलत नाही. म्हणून वरची मोठी माणसं तुमच्याबद्दल खुशाल बोलत राहतात, जणू तुम्हाला ऐकूही येत नाही.

असा एक मुलगा नारायण पेठेत परचुऱ्यांच्या घरी होता. वरद त्याचं नाव. त्या रविवारी तो टेबलाखाली बसून पायपुसण्याचा एक धागा बोटाला गुंडाळत होता, आणि टेबलाशी उभ्या राहून त्याची आजी पद्मजाबाई लेकीला विचारत होत्या, "ऋचा, पाट कुठाय? अवधूतला पाटावर बसवायचं आहे."

"पाट नको, खुर्ची दे," ऋचा म्हणाली. "दादा खाली बसला तर उठवायला दोन माणसं लागतील."

"मला ऐकू येतंय," आतल्या खोलीतून वरदचा बाबा अवधूत म्हणाला.

"ऐकू यावं म्हणूनच म्हटलं."

अधिक महिना चालू होता. तो तीन वर्षांनी एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला सासुरवाडीला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि अनारशांचं वाण देतात. जायचं जावयाने, ही रीत. पण वरदला रेल्वेचा भोंगा सोसत नाही आणि वरदला सोडून अवधूत-नम्रता कुठे जात नाहीत. म्हणून वऱ्हाडातल्या दर्यापुराहून नम्रताची आई, यमुनाबाई, स्वतःच अनारशांचा डबा मांडीवर धरून रात्रभराचा प्रवास करून आल्या होत्या. मागच्या अधिकातही त्या अशाच आल्या होत्या.

आल्यापासून त्या कामापुरतं बोलत होत्या. "मीठ कुठे ठेवता?" "हे पातेलं घेऊ का?" एवढंच. बाकी वेळ नुसतं हसायचं आणि मान हलवायची. काल पद्मजाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "बुजतात बिचाऱ्या. पुण्याचं दडपण येतं माणसाला."

श्यामसुंदररावांनी वर्तमानपत्र खाली न करता उत्तर दिलं, "पुण्याचं नाही. तुझं."

ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून असंच बोलत, आणि पद्मजाबाई त्याकडे दुर्लक्ष करत. त्यांना स्वतःबद्दल ठाऊक होतं की आपण दडपण आणणाऱ्या बाई नाही. चाळीस वर्षं त्यांनी घाबरलेल्या आयांना खुर्चीत बसवून, पाणी देऊन, बोलतं केलं होतं. पुण्यात स्वमग्नता हा शब्द रुळलेला नव्हता त्या काळात, वह्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत, लाकडी ठोकळे आणि हाताने रंगवलेली चित्रकार्डं घेऊन त्या बसल्या. उशिरा बोलणारी, न बोलणारी, नजरेला नजर न देणारी, स्वतःच्याच नादात गोल फिरणारी मुलं त्यांच्याकडे येत. आधी वेड्यांच्या डॉक्टर म्हणून लोक जिना चढायला लाजत. पुढे पुढे त्याच जिन्यावर रांग लागायला लागली. खोलीचं केंद्र झालं. चित्रकार्डांवर संशोधन करून त्यांनी मराठी मुलांच्या भाषेची चाचणी तयार केली, ती साऱ्या महाराष्ट्रात वापरतात. आता केंद्र ऋचा बघते; पद्मजाबाई फक्त गुरुवारी जाऊन बसतात. आणि इतकं सगळं झाल्यावर अवधूतला मुलगा झाला तो वरद. लोक हळहळले. श्यामसुंदरराव तेवढे म्हणाले, "पोराने पत्ता बरोबर शोधला."

पद्मजाबाईंनाही मनातून तसंच वाटलं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी जन्मला असता तर त्याचं काय झालं असतं?

"या, जावईबापू, बसा," यमुनाबाई म्हणाल्या. अवधूत खुर्चीवर बसला. नम्रताने निरांजन लावलं. यमुनाबाईंनी पितळी ताटात अनारसे रचून आणले होते, एकावर एक, खसखस वर, जाळी खुललेली. ताट टेबलावर ठेवून त्या कुंकवाचा करंडा घ्यायला वळल्या, तेवढ्यात टेबलाखालून एक हात वर आला आणि सगळ्यात वरचा अनारसा घेऊन गेला.

"अरे! वरद, नाही! ठेव, ठेव ते," अवधूत म्हणाला.

वरद ठेवणार नव्हता. तो खिडकीशी गेला आणि अनारसा उजेडासमोर धरून एक डोळा त्याला अगदी चिकटवून उभा राहिला. अनारशाच्या जाळीतून ऊन येत होतं. त्याच्या गालावर बारीक बारीक ठिपके पडले. त्याने अनारसा थोडा फिरवला. ठिपके फिरले.

यमुनाबाईंच्या हातातला करंडा तसाच राहिला. त्यांचा सबंध चेहरा उघडला, बंद घराची खिडकी उघडावी तसा.

"घे ना बापू, घे!" त्या म्हणाल्या. "तुयासाठीच त आनले मी. जायीतून काय दिसते रे तुले? सांग ना, काय दिसू रायलं..."

आणि त्यांनी चटकन तोंडावर हात ठेवला. पूर्ण पंजा, घट्ट. ओठ दिसेनासे झाले. हाताच्या वरून त्यांचे डोळे पद्मजाबाईंकडे वळले.

खिडकीशी वरदने हे पाहिलं. त्याने अनारसा डाव्या हातात घेतला, उजवा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. पूर्ण पंजा. घट्ट.

पद्मजाबाई जागच्या जागी उसळल्या. "अवधूत! बघितलंस? नम्रता, पाहिलंस ना? त्याने नक्कल केली!"

तीन वर्षं त्या या मुलासमोर रोज सकाळी बसत होत्या. "वरद, असं कर," म्हणून टाळी वाजवायची. "असं कर," म्हणून डोक्यावर हात ठेवायचा. समोरच्यासारखं करून बघणं ही बोलण्याची पहिली पायरी, हे त्यांनी कितीतरी आयांना समजावलं होतं. वरदने कधी टाळी वाजवली नव्हती. कधी डोक्यावर हात ठेवला नव्हता. आणि आज, कुणी न सांगता...

पण कुणीच हसलं नाही. नम्रताने निरांजन ताटात ठेवून दिलं.

"करतो तो तसं," ती म्हणाली. "माझी आई आली की करतो. मोबाइलवर तिचा चेहरा दिसला तरी करतो. आजी म्हणजे तोंडावर हात. तिच्याबद्दल त्याला तेवढंच माहिती आहे."

"म्हणजे?" पद्मजाबाईंना खरंच कळलं नाही.

"जाऊ दे ना, नम्रता," यमुनाबाई हाताआडून पुटपुटल्या. "वाण राहिलं. जावईबापू बसले आहेत." शब्द असे जपून जपून, एकेक वेचल्यासारखे.

"नाही, थांबा," ऋचा पुढे आली. "तुम्ही तोंडावर हात का ठेवलात, काकू?"

यमुनाबाईंनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. जावई निरांजनाकडे बघत होता.

"दादा?"

"अगं, आईनेच सांगितलं होतं," अवधूत म्हणाला. "मागच्या अधिकात. वरदचं निदान नुकतंच झालं होतं ना. एकच भाषा, एकसारखी कानावर पडली पाहिजे. आम्ही पाळलं. त्यात काय एवढं?"

"तू सांगितलंस, आई?"

पद्मजाबाईंना आठवलं. याच दारात. यमुनाबाई चपला काढत होत्या, एका हाताने भिंतीला धरून. वरद चार वर्षांचा, अवधूतच्या कडेवर. आपण अगदी गोड आवाजात म्हणालो होतो, यमुनाताई, एक विनंती आहे बरं का. याच्याशी बोलताना घरात आम्ही बोलतो तसंच बोलायचं. नाहीतर त्याचा गोंधळ उडतो. जमत नसेल तर थोडे दिवस नाही बोललं तरी चालेल.

थोडे दिवस. ते थोडे दिवस संपले, असं सांगायला मात्र कुणी गेलं नव्हतं.

"मी एकसारखं म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला तसं बरं असतं. वऱ्हाडीला मी कधी वाईट म्हटलं का? सांग, नम्रता, एकदा तरी?"

"नाही," नम्रता म्हणाली. "तुम्ही फक्त दुरुस्त केलंत."

"ती सगळ्यांनाच दुरुस्त करते," श्यामसुंदरराव म्हणाले. "माझं तर लग्नापासून काम चालू आहे." पण त्यांच्याही आवाजात नेहमीची धार नव्हती.

"आई," ऋचा म्हणाली, "गेल्या गुरुवारी ती पद्मशाली बाई आली होती, लहान मुलीला घेऊन. तेलुगू बोलणारी. तिने विचारलं, घरात मराठीच बोलू का? तू काय सांगितलंस तिला?"

पद्मजाबाईंनी टेबलावरची एक वाटी उगाचच सरळ केली.

"मी शेजारी बसले होते. तू म्हणालीस, जी भाषा पोटातून येते ती बोला. दोन भाषांनी मूल अडत नाही. आई गप्प झाली तर मात्र अडतं. किती वर्षं झाली, आपण जुना सल्ला सोडून दिला. तूच तर शिकवलंस मला ते. मग घरात..."

"ते वेगळं आहे, ऋचा," पद्मजाबाई म्हणाल्या. "तेलुगू ही एक भाषा आहे."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

पंखा फिरत होता. यमुनाबाईंनी टेबलावरच्या ताटाकडे मान वळवली आणि एका अनारशावरची सांडलेली खसखस बोटाने गोळा करायला लागल्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. तो रागावलेला असता तर पद्मजाबाईंना बरं वाटलं असतं. आपल्याला ठाऊक असलेलीच गोष्ट पुन्हा कुणी सांगितली, असा तो चेहरा होता.

"यमुनाताई," श्यामसुंदरराव उठून उभे राहिले. "बसा जी. कवाच्या उभ्या हा तुमी. पाय दुखून रायले असन."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तुम्हाला येतं?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"अकोल्याच्या शाखेत होतो की लग्नाआधी. तिथे शुद्ध बोललं की लोक मला ऑडिटर समजायचे. सही करायला पेनसुद्धा देत नसत." त्यांनी खुर्ची ओढली. "घरी कधी बोललो नाही. इथे शुद्धलेखनाची शिस्त आहे, असं लग्नातच कळलं होतं."

यमुनाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, उठायच्या तयारीत.

"आई, तुम्हाला आठवतं का," नम्रता म्हणाली. ती आता पद्मजाबाईंकडे सरळ बघत होती. "तीन वर्षांचा असताना त्याने एक शब्द म्हटला होता. बाहुलीच्या डोळ्यावर बोट ठेवून. 'डोया.' मी म्हणायचे ना त्याला, तुया डोया, माया डोया. तेच तो म्हणाला. मी धावत तुम्हाला बोलवायला आले होते."

आठवत नाही, असं पद्मजाबाई म्हणणार होत्या. मग आठवलं. हात पदराला पुसत आपण आलो. बाहुली घेतली. वाकून अगदी स्पष्ट, ओठ दाखवत म्हणालो, "डोळा. म्हण, वरद. डो-ळा."

"पुन्हा नाही म्हणाला तो," नम्रता म्हणाली. "दोन्हीपैकी काहीच नाही."

"वहिनी," ऋचा हळू आवाजात म्हणाली, "त्या वयात काही मुलांचे आलेले शब्द जातात. आईने काही म्हटलं नसतं तरी तो गेला असता, कदाचित."

"कदाचित," नम्रता म्हणाली. "मला माहितीये, ताई. मीही वाचते. तो बोलला असता असं मी म्हणतच नाही. मी माझं सांगतेय. त्या दिवसापासून मी त्याच्याशी काही बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य करते. मग त्यात कुठे काही चुकलंय का बघते. मग बोलते. तोवर तो उठून गेलेला असतो." ती खुर्चीवर बसली. "मी बडबडी होते. विचारा माझ्या आईला."

"लय बडबडी," यमुनाबाई म्हणाल्या, आणि हात पुन्हा अर्ध्यावर वर आला. तो त्यांनी तसाच खाली नेला.

"नमू, मला कधी बोलली नाहीस तू हे," अवधूत म्हणाला.

"तू मला काय म्हणायचास? 'नम्रता, शुद्ध.' दोन शब्द. टीव्हीचा आवाज कमी कर म्हणावं तसं."

अवधूतचा हात कपाळापर्यंत गेला आणि परत आला.

"दिग्विजय उद्या गाडी घेऊन येतोय," नम्रता म्हणाली. दिग्विजय तिचा धाकटा भाऊ. "मी वरदला घेऊन दर्यापूरला चाललेय. हे जेवण झाल्यावर सांगणार होते."

"सुट्टीपुरती ना?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"बघू."

"नम्रता, त्याचं वेळापत्रक बसलंय आता. इथे केंद्र आहे, शाळा आहे, तिथे कोण..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. तिथे कोण आहे, हे समोर खुर्चीच्या कडेवर बसलेलं होतं.

"मी येतो सोडायला," अवधूत एकदम म्हणाला. "राहीन थोडे दिवस. घरून काम करता येतं."

"तू? तुझं ते सोमवारचं..." पद्मजाबाई म्हणाल्या.

"आई, प्लीज."

तो आजपर्यंत नेहमी आईच्या बाजूला बसला होता, टेबलावरही आणि वादातही. आता तो उठून नम्रताच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. नम्रताने वळून पाहिलं नाही. पण तिने खुर्ची पुढेही ओढली नाही.

वाण झालं, ओवाळणं झालं, धोंडे वाढले. तुपाची धार धरताना यमुनाबाईंचा हात मोठा होता. सगळे जेवले. मुलांनो, मोठी माणसं भांडण अर्धवट टाकून जेवू शकतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. आपल्याला वाटतं संपलं. संपलेलं नसतं, ते फक्त ताटाभोवती बसलेलं असतं, आपल्याबरोबर.

पद्मजाबाई ताटातला धोंडा नुसता कुस्करत होत्या. त्यांना एक वेगळीच बाई आठवत होती. फार जुनी, दुकानावरच्या खोलीतली. मार्केट यार्डात नवरा पोती उचलायचा, बाई कानडी बोलायची, काखेत न बोलणारा मुलगा. तेव्हाची पुस्तकं एकच सांगत, आणि पद्मजाबाईंनी तेच सांगितलं, याच्याशी फक्त मराठीत बोला. बाईने मान हलवली. तिला मराठी येत होती ती भाजी घेण्यापुरती. पुढच्या वेळी आली तेव्हा ती मुलाशेजारी नुसती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. ती गेल्यावर आपण मदतनीस मुलीला काय म्हणालो होतो? "बघितलंस, आईच मुलाशी बोलत नाही. मूल कसं बोलणार?"

आपणच तिला गप्प केलं आणि मग तिच्या गप्पपणाला कारण ठरवलं. हे त्यांना पंधरा-वीस वर्षांनी कळलं, नवं संशोधन वाचताना, आणि तेव्हा त्या एक रात्र झोपल्या नव्हत्या. सकाळी उठून त्यांनी केंद्रातला सल्ला बदलला. चाचणी नीट केली. 'केय' म्हणणाऱ्या मुलाला केळ्याच्या कार्डावर शून्य गुण मिळत, ते ऋचाने दाखवल्यावर तेही बदललं. त्या बाईचं नाव मात्र कितीही आठवलं तरी आठवलं नाही. त्यांना वाटलं होतं, ती चूक आता कुणाच्या वाट्याला येणार नाही.

ती चूक जिना उतरून खाली आली होती आणि त्यांच्याच घरात राहायला लागली होती. वेश तेवढा बदलला होता. आता ती शुद्ध बोलत होती.

जेवणं झाल्यावर त्या नम्रताच्या खोलीत गेल्या. पलंगावर बॅग उघडी होती. नम्रता वरदचे कपडे घड्या करून ठेवत होती, सगळे एकाच रंगाचे, कारण दुसरा रंग तो अंगाला लावून घेत नाही.

पद्मजाबाई दारात उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्यांनी लोकांना अवघड गोष्टी सांगितल्या होत्या. तुमचं मूल इतर मुलांसारखं नाही, हे समोरच्या खुर्चीतल्या तरुण आईबापांना सांगायला लागतं तेव्हा शब्द कसे निवडायचे, यावर त्यांची व्याख्यानं होत.

"नम्रता, चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हो," नम्रता म्हणाली.

बाहेर ऋचा भांडी लावत होती. नम्रताने एक विजार घडी केली, मग उलगडली, मग पुन्हा घडी केली.

"आई, ती वाळत घातलेली हिरवी चादर द्याल का? ती असल्याशिवाय त्याला झोप लागत नाही."

"देते," पद्मजाबाई म्हणाल्या.

चादर गॅलरीत होती. गॅलरीत यमुनाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या आणि त्यांच्यापासून हातभर लांब वरद. अनारसा अजून त्याच्या हातात होता. त्याने तो खाल्ला नव्हता. तो जाळीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघत होता, मग कबुतर, मग यमुनाबाईंचं नाक.

पद्मजाबाईंना बघून यमुनाबाई सावरून बसल्या. पद्मजाबाईंनी चादर दोरीवरून काढली. ती हातात घेऊन जायचं सोडून त्या तिथेच फरशीवर बसल्या, गुडघ्यावर हात दाबत.

"बोला ना त्याच्याशी, यमुनाताई," त्या म्हणाल्या. "तुमचं तुमचं. मी चुकीचं सांगितलं होतं तुम्हाला."

यमुनाबाईंनी चादरीचं फरशीवर लोंबणारं टोक उचलून घडीत खोचलं.

"काय बोलू जी?" त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आपल्या बोलन्यानं लेकराचं नुसकान होते. तुमी एवढ्या शिकलेल्या. तुमाले माईत असन. मंग कायले बोलू? याचं नाव घ्याले बी भेव वाटे मले. आता तुमी म्हनता बोला. पन इथी आली का तोंड आपोआप बंद होते."

"बोला," पद्मजाबाई म्हणाल्या.

यमुनाबाईंनी घसा साफ केला. वरदकडे बघून त्या हसल्या, अनोळखी मुलाशी हसतात तसं.

"आपल्या घरी ना, बापू," त्या म्हणाल्या, "एक बकरी हाये. लय खोडीची. काय करते, मालूम हाये का? दोरीवरचे कपडे खाते. तुया मामाचा नवा सदरा होता. लगनासाठी आनलेला. अंगनात वाऊ घातला, न ते आली..."

पद्मजाबाई ऐकत होत्या. 'आनलेला' कानावर आलं, 'अंगनात' आलं, आणि त्यांचे ओठ आपोआप हलले. आवाज नाही, नुसते ओठ. 'अंगणात'. इतक्या वर्षांची सवय. त्यांना स्वतःला कळायच्या आत ओठांनी ते करून टाकलं.

यमुनाबाईंनी ते पाहिलं. बकरी अंगणाच्या मध्यावर उभी राहिली. यमुनाबाईंचा हात वर आला आणि तोंडावर बसला.

पद्मजाबाईंनी चादर छातीशी धरली. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, नको, तसं नव्हतं म्हणायचं मला. पण आता त्या काहीही बोलल्या असत्या तरी ते दुरुस्त केल्यासारखंच वाटलं असतं.

आता सांगा बघू, मुलांनो. टेबलाखालचा तो मुलगा, ज्याला सगळं एकाच मापाचं ऐकू येतं, ज्याला आजी म्हणजे तोंडावर हात एवढंच ठाऊक आहे, त्याने काय केलं असेल? पुन्हा तिची नक्कल केली असेल, असं तुम्हाला वाटेल. पद्मजाबाईंनाही तसंच वाटलं. त्या त्याच्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

वरदने अनारसा यमुनाबाईंच्या मांडीवर ठेवला, जाळी मोडणार नाही असा अलगद. तो गुडघ्यांवर सरकत पुढे आला. दोन्ही हातांनी त्याने त्यांचं मनगट धरलं, दाराची कडी धरावी तसं. पद्मजाबाईंच्या चाचणीत या लक्षणासाठी एक चौकट आहे, दुसऱ्याचा हात वस्तूसारखा वापरतो, आणि तिथे कितीदा तरी त्यांनी बरोबरची खूण केली होती. त्याने जोर लावून तो हात तोंडावरून खाली ओढला, अनारशाशेजारी मांडीवर नेऊन ठेवला आणि वरून आपला तळवा दाबून धरला.

मग तो मान वाकडी करून त्यांच्या ओठांच्या अगदी जवळ आला आणि तिथेच थांबून राहिला.